कधी सुरू होतो, कधी नाही: घरच्या संगणकाविषयीचे गैरसमज

पूर्ण बंद पडलेला संगणक दुरुस्त करणं त्या मानाने सोपं असतं. बिघाड समोर हजर असतो, त्यामुळे तो शोधता येतो. खरी दमछाक होते ती मधूनमधून अडणाऱ्या संगणकामुळे. सोमवारी सकाळी बटण दाबलं तर काहीच हालचाल नाही, दहा मिनिटांनी दाबलं तर झटक्यात सुरू. पुढचे दोन-तीन दिवस सुरळीत. मग एके दिवशी पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडदा काळाच. अशा वेळी घरातला प्रत्येक जण काहीतरी करून बघतो. कोणी वायर हलवतं, कोणी कॅबिनेटला थाप मारतं, कोणी रॅम काढून पुसून पुन्हा बसवतं. त्यातल्या कुठल्यातरी उपायानंतर संगणक सुरू होतो आणि सगळं श्रेय त्या शेवटच्या उपायाला जातं.

गफलत होते ती इथेच. जो बिघाड आपला आपण येतो-जातो, त्यावर केलेला कुठलाही उपाय कधी ना कधी लागू पडल्यासारखा वाटणारच. चार दिवसांतून एकदा अडणारा संगणक तुम्ही काहीही केलं, अगदी काहीच केलं नाही, तरी पुढचे दोन-तीन दिवस चालणारच असतो. या विषयातले बहुतेक गैरसमज या एका कारणातून जन्मले आहेत आणि ते महाग पडतात. चांगला मदरबोर्ड बदलला जातो, निर्दोष डिस्क पुसली जाते आणि मूळ दोष जिथल्या तिथे राहतो.

‘सुरू होत नाही’ ही तक्रारसुद्धा एक नसते, त्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात. बटण दाबूनही पंखा नाही, दिवा नाही, काहीच नाही, ही पहिली. पंखे फिरतात पण पडद्यावर काही उमटत नाही, ही दुसरी. दुकानात याला ‘नो डिस्प्ले’ म्हणतात. कंपनीचं चिन्ह दिसतं, विंडोजचे ठिपके गोल फिरायला लागतात आणि मग सगळं अडतं किंवा निळा पडदा येतो, ही तिसरी. पहिलीत संशय विजेवर, एसएमपीएसवर (कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्यावर) आणि बटणावर घ्यावा. दुसरीत रॅमवर, ग्राफिक्स कार्डवर, मदरबोर्डवर आणि पुन्हा एसएमपीएसवर. तिसरीत डिस्कवर आणि सॉफ्टवेअरवर. याला अपवाद आहेत, पण फोनवर नुसतं ‘चालू होत नाही’ म्हणणाऱ्याला आणि यातलं नेमकं काय होतं ते सांगणाऱ्याला मिळणाऱ्या मदतीत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

‘व्हायरस असेल, फॉरमॅट मारून टाका’

आपल्याकडचा हा सर्वांत लाडका सल्ला आहे, आणि सर्वांत नुकसान करणाराही. बटण दाबल्यानंतरच्या पहिल्या काही क्षणांत संगणक विंडोजकडे बघतसुद्धा नाही. आधी एसएमपीएस वीज सोडतो. मग मदरबोर्डवरच्या चिपमध्ये साठवलेला बायोस हा प्रोग्राम प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स तपासतो. हे सगळं जमलं तरच पाळी येते डिस्कची. व्हायरस, विंडोज, तुमच्या फायली, हे सारं डिस्कवर असतं. त्यामुळे पंखाच फिरत नसेल किंवा पंखे फिरूनही कंपनीचं चिन्ह दिसत नसेल, तर डिस्कवर काय आहे याचा त्या बिघाडाशी संबंध नाही. डिस्क काढून ठेवली तरी निरोगी संगणक चिन्ह दाखवतो आणि ‘डिस्क सापडत नाही’ असं सांगतो. ते चिन्ह येत नसेल तर फॉरमॅटने काय साधणार?

या समजाला एका खऱ्या घटनेचा आधार आहे, तीही सांगायला हवी. १९९८ मध्ये पसरलेला सीआयएच हा व्हायरस २६ एप्रिल १९९९ रोजी जगभरातल्या संगणकांवर जागा झाला. चेर्नोबिलच्या अपघाताची तारीख तीच, म्हणून लोक त्याला चेर्नोबिल व्हायरसही म्हणू लागले. तो डिस्कवरची माहिती पुसायचाच, शिवाय काही मदरबोर्डांवरच्या बायोसच्या चिपमध्ये कचरा लिहून ठेवायचा. असा संगणक खरोखरच पुन्हा सुरू होत नसे. मात्र तो कायमचा गेलेला असे. सोमवारी अडवायचं आणि मंगळवारी सोडून द्यायचं, असं त्या व्हायरसनेही केलं नाही.

सॉफ्टवेअरमुळे अडलेला संगणक कसा दिसतो, याचं अलीकडचं उदाहरण १९ जुलै २०२४ चं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. त्या सगळ्यांचे पंखे फिरत होते, चिन्हं दिसत होती, अडत होतं ते विंडोज उघडताना. तुमचा संगणक नेमका तिथेच अडत असेल तर सॉफ्टवेअरवर संशय घ्यायला हरकत नाही. पण तिथेही आधी विंडोजची स्वतःची दुरुस्ती, मग सेफ मोड, मग अलीकडचे अपडेट काढून बघणं, असा क्रम आहे. फॉरमॅट अगदी शेवटी, आणि माहितीची प्रत हातात असल्याशिवाय नाहीच.

‘पंखा फिरतोय ना, मग एसएमपीएस ठीक आहे’

मधूनमधून अडणाऱ्या डेस्कटॉपमध्ये माझा पहिला संशय ज्याच्यावर असतो, त्यालाच हा समज निर्दोष सोडतो. म्हणून इथे जरा थांबू.

एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटमधला तो पत्र्याचा डबा, जो भिंतीतली २३० व्होल्टची वीज १२, ५ आणि ३.३ व्होल्टमध्ये बदलून देतो. १९९५ मध्ये इंटेलने आणलेल्या एटीएक्स रचनेत तो पूर्णपणे बंद कधी नसतोच. भिंतीवरचं बटण चालू असेल तोवर जांभळ्या तारेतून ५ व्होल्टची राखीव वीज मदरबोर्डला सतत मिळत राहते. तुम्ही समोरचं बटण दाबलंत की मदरबोर्ड हिरव्या तारेतून एसएमपीएसला जागं करतो. सगळे व्होल्टेज स्थिर झाल्यावर १०० ते ५०० मिलिसेकंदांनी एसएमपीएस करड्या तारेतून ‘वीज ठीक आहे’ असा इशारा देतो. गार्डने हिरवा झेंडा दाखवल्याशिवाय गाडी हलत नाही, तसा हा इशारा मिळाल्याशिवाय प्रोसेसर कामाला लागत नाही. हल्लीच्या अनेक एसएमपीएसना सगळ्याच तारा काळ्या असतात, पण व्यवस्था हीच.

आता पंख्याचं बघा. त्याला फक्त १२ व्होल्टची तार लागते, आणि तिथे १० व्होल्ट आले तरी तो तक्रार न करता फिरतो. संगणकाचं तसं नाही. १२ व्होल्टच्या तारेला ११.४ ते १२.६ एवढीच मुभा आहे, ५ व्होल्टच्या तारेला ४.७५ ते ५.२५. म्हणजे पंखा गरगर फिरतोय, दिवा लागलाय आणि पडदा काळा, हे दुबळ्या एसएमपीएसचं अगदी नेहमीचं रूप आहे. हिरवी आणि काळी तार जोडून बाहेरच्या बाहेर पंखा फिरवून दाखवण्याची जी चाचणी दुकानात करतात, तिनेही एवढंच कळतं की डबा जागा होतो. भार पडल्यावर तो टिकतो की नाही, हे त्यातून कळत नाही.

दुबळेपणा येतो कुठून? आतल्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरमध्ये एक द्रव असतो. तो वर्षानुवर्षं हळूहळू सुकतो. तापमान १० अंशांनी वाढलं की या कपॅसिटरचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं, त्यामुळे धुळीने भरलेल्या, भिंतीला चिकटवून ठेवलेल्या कॅबिनेटमध्ये ते लवकर थकतात. द्रव सुकला की अंतर्गत रोध वाढतो, आणि कपॅसिटर गार असताना तो आणखी जास्त असतो. म्हणून ते ओळखीचं लक्षण दिसतं: सकाळी पहिल्यांदा सुरू होत नाही, चार-सहा वेळा बटण दाबल्यावर होतो, आणि मग दिवसभर कितीही वेळा बंद-चालू केला तरी कुरकुर नाही. पुण्या-नाशिकच्या डिसेंबरात ही तक्रार वाढते आणि एप्रिलमध्ये विसरली जाते. लोकांना वाटतं, बरा झाला. प्रत्यक्षात फक्त ऋतू बदललेला असतो.

घरच्या घरी करण्यासारखी एक पारख आहे. आपल्याकडे झोपताना भिंतीवरचं बटण बंद करण्याची सवय असते. विजा चमकत नसतील अशा दिवसांत काही रात्री ते बटण चालूच ठेवून बघा. तसं ठेवल्यावर सकाळी संगणक निमूट सुरू होत असेल आणि बटण बंद ठेवलं की अडत असेल, तर एसएमपीएसच्या राखीव विजेच्या भागावर संशय बळावतो. मल्टिमीटर असेल तर संगणक चालू असताना डिस्कला वीज देणाऱ्या एखाद्या मोकळ्या जोडणीवर पिवळ्या-काळ्या आणि लाल-काळ्या तारांमधलं व्होल्टेज मोजा. आकडा मर्यादेबाहेर असेल तर दोष पक्का. आकडा बरोबर असेल तर मात्र एसएमपीएस सुटला असं समजू नका, कारण मल्टिमीटर सरासरी दाखवतो, क्षणाक्षणाची थरथर त्याला दिसत नाही. अखेरचा निर्णय एकाच गोष्टीने होतो: ओळखीच्या कोणाकडून चांगला चालणारा एसएमपीएस आणून काही दिवस लावून पाहणं.

तो डबा उघडू मात्र नका. आतला मुख्य कपॅसिटर ३२५ व्होल्ट किंवा त्याहूनही जास्त भारलेला असतो आणि प्लग काढल्यानंतरही काही काळ तसाच राहू शकतो. मदरबोर्डवरचे कपॅसिटर बघायला धोका नाही. प्लग काढून टॉर्चच्या उजेडात बघा. त्यांचं डोकं सपाट हवं. फुगलेलं असेल किंवा वर तपकिरी डाग असेल तर तो गेला. २००० च्या दशकाच्या पूर्वार्धात सदोष द्रवाचे असे कपॅसिटर असंख्य मदरबोर्डांवर बसवले गेले होते, आणि त्या काळातले काही संगणक अजूनही घरांत आहेत.

वॅटच्या आकड्याला भुलण्याचीही गरज नाही. स्वस्त डब्यावर ४५० लिहिलेलं असतं म्हणून तो तेवढा भार पेलेलच असं नाही. २००४ पासूनचं ‘८० प्लस’ हे चिन्हसुद्धा वीज किती वाया जाते तेवढंच सांगतं, डबा किती टिकेल ते सांगत नाही. संगणक घेताना लोक प्रोसेसरवर हजारो रुपये जास्त मोजतात आणि एसएमपीएस ‘कुठलाही द्या’ म्हणतात. हा क्रम उलटा करावा, असं मला मनापासून वाटतं.

‘बटणाने काय होणार?’

बरंच काही. कॅबिनेटवरचं बटण म्हणजे दोन तारा क्षणभर जोडणारा छोटासा स्विच. तो झिजला की कधी जोडतो, कधी जोडत नाही. याहून फसवा प्रकार म्हणजे बटण आत अडकून राहणं. बटण ४ सेकंदांहून जास्त दाबून धरलं तर संगणक सक्तीने बंद व्हावा, अशी व्यवस्था मुद्दाम केलेली आहे. अडकलेलं बटण तेच करतं: संगणक सुरू होतो आणि चार-पाच सेकंदांत विझतो. हे बघून लोक प्रोसेसरपासून मदरबोर्डपर्यंत सगळं बदलायला निघतात. मदरबोर्डच्या कडेला त्या बटणाच्या दोन पिना असतात. बटणाची वायर काढून त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं आणि संगणक दर वेळी सुरू होऊन टिकला, तर दोष बटणात आहे. तात्पुरता उपाय म्हणून रीसेटच्या बटणाची वायर त्या पिनांवर लावता येते. खर्च शून्य.

‘रॅम खोडरबराने घासली की झालं’

या उपायाने संगणक सुरू होतो हे खरं आहे, म्हणूनच तो इतका रुजला. पण बहुतेक वेळा गुण खोडरबराचा नसतो, रॅम काढून पुन्हा बसवण्याचा असतो. सॉकेटमध्ये सरकताना पट्टीची टोकं घासली जातात आणि जोड पुन्हा नीट लागतो. त्या टोकांवरचा सोन्याचा मुलामा एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. दर महिन्याला खोडरबर चालवला तर तो झिजतो, खालचा धातू उघडा पडतो, आणि मुंबई-कोकणातल्या दमट, खारट हवेत तो गंजायला वेळ लागत नाही. वर रबराचा चुरा सॉकेटमध्ये अडकतो तो वेगळाच. टोकं पुसायचीच असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ सुती कापड वापरा, पूर्ण वाळू द्या, आणि पट्टी दोन्ही बाजूंनी ‘टक’ असा आवाज येईपर्यंत दाबा. पुन्हा पुन्हा तेच करावं लागत असेल तर रॅम, सॉकेट किंवा त्यांना मिळणारी वीज यांपैकी काहीतरी सदोष आहे. दोन पट्ट्या असतील तर एक काढून, मग दुसरी काढून चालवा. मेमटेस्ट८६ प्लस हा फुकट मिळणारा प्रोग्राम रात्रभर चालवा. त्यात एक जरी चूक निघाली तरी ती ‘चालेल’ म्हणून सोडू नये. बायोसमध्ये एक्सएमपी हा रॅमचा वेग वाढवणारा पर्याय चालू असेल तर तो बंद करून बघा. गार असताना अडणारे काही संगणक एवढ्यानेच सुधारतात.

मदरबोर्ड स्वतःही सांगायचा प्रयत्न करत असतो. त्याला छोटा स्पीकर जोडलेला असेल तर ठरावीक बीप ऐकू येतात. हल्लीच्या अनेक बोर्डांवर प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि डिस्क यांच्यासाठी चार बारीक दिवे असतात, आणि तपासणी जिथे अडली तिथला दिवा लागून राहतो. कॅबिनेटचं झाकण उघडून हा दिवा बघितला तरी अर्धं निदान होतं. डीडीआर५ रॅमच्या नव्या संगणकांत एक उलटाच गैरसमज दिसतो. नवी रॅम बसवल्यावर किंवा बायोस रीसेट केल्यावर पहिल्यांदा सुरू होताना मदरबोर्ड रॅमशी जुळवणी करत बसतो. त्याला काही मिनिटंही लागू शकतात आणि तोवर पडदा काळाच राहतो. घाबरून मध्येच बंद केला की जुळवणी पहिल्यापासून. बिघाड काहीच नसतो, थोडं थांबायचं असतं.

‘बायोसचा सेल गेला असेल’

मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा चपटा सेल घड्याळ चालू ठेवतो आणि बऱ्याच बोर्डांवर बायोसच्या सेटिंगही सांभाळतो. तो संपला की तारीख मागे जाते, सेटिंग विसरल्या जातात, सुरू होताना एफ१ दाबायला सांगणारा संदेश येतो. सेल संपल्यामुळे संगणक अजिबात सुरूच न होणं क्वचित काही बोर्डांवर घडतं, पण ते नेहमीचं कारण नाही. भिंतीवरचं बटण चालू असताना घड्याळाला राखीव वीज मिळते आणि सेल वाचतो, त्यामुळे रोज रात्री बटण बंद करणाऱ्या घरांत तो लवकर संपतो. बदलायला स्वस्त आहे, जरूर बदला. पण त्याआधी एक खबरदारी घ्या. विंडोज ११ च्या अनेक संगणकांत डिस्क आपोआप कुलूपबंद केलेली असते. सेल काढला, बायोस रीसेट झाला किंवा मदरबोर्ड बदलला, की ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली आहे का ते आधी बघा आणि कागदावर उतरवून ठेवा. ती नसेल तर सगळी दुरुस्ती नीट होऊनही फायली हाती लागत नाहीत.

‘स्टॅबिलायझर लावा, सगळा व्होल्टेजचा खेळ आहे’

एसएमपीएसवरची चिठ्ठी वाचा. तिच्यावर १०० ते २४० व्होल्ट असं लिहिलं असेल तर तो डबा कमी-जास्त व्होल्टेज स्वतःच पचवतो आणि स्टॅबिलायझरचा खर्च वाया जातो. २०० ते २४० असं लिहिलं असेल आणि तुमच्या भागात संध्याकाळी व्होल्टेज फार उतरत असेल, तर तो खर्च कामी येऊ शकतो. तरीही मी आधी वायरमन बोलावून अर्थिंग तपासायला सांगेन.

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, टेस्टर मंद पेटतो, ही अनेक घरांतली तक्रार आहे. लोक त्यावर एसएमपीएस बदलतात आणि नव्यालाही झिणझिण्या येतात. कारण असं, की एसएमपीएसच्या तोंडाशी असलेल्या फिल्टरमधले दोन बारीक कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोघांनाही पत्र्याशी जोडतात. अर्थिंग असेल तर ती सूक्ष्म गळती जमिनीत जाते. नसेल तर पत्रा निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५ च्या आसपास तरंगत राहतो. प्रवाह अगदी थोडा, म्हणून नुसत्या झिणझिण्या येतात. पण त्याचा अर्थ घराच्या त्या सॉकेटला अर्थिंग नाही असा आहे, आणि उद्या खरोखरच आत एखादी तार उघडी पडली तर वाचवणारं काही नाही. हे संगणकापेक्षा मोठं काम आहे, ते टाळू नये.

मग यूपीएस आणि एक्स्टेंशन बोर्ड. घरगुती यूपीएसमधली १२ व्होल्टची बॅटरी आपल्या उन्हाळ्यात दोन-तीन वर्षांत थकते, आणि थकलेला यूपीएस वीज असतानासुद्धा भार येताच कधी कधी बंद होतो. सैल सॉकेट, काळपट पडलेला प्लग, पिळवटलेली पॉवर केबल, यांतलं काहीही मधूनमधून दगा देऊ शकतं. स्पाइक गार्डमधला संरक्षक भाग दर झटक्यागणिक झिजतो आणि संपल्यावरही बऱ्याच बोर्डांचा लाल दिवा लागलेलाच राहतो. म्हणून कॅबिनेट उघडण्याआधी यूपीएस, स्पाइक गार्ड, सगळं बाजूला ठेवून दुसऱ्या केबलने, थेट भिंतीतल्या चांगल्या सॉकेटवर संगणक काही दिवस चालवा. यात पैसा लागत नाही आणि तरीही हे पाऊल सर्रास वगळलं जातं.

‘शटडाउन केला, म्हणजे पूर्ण बंद झाला’

२०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून तसं राहिलेलं नाही. फास्ट स्टार्टअप ही सोय चालू असेल तर शटडाउन करताना विंडोज आपला गाभा डिस्कवर जसाच्या तसा साठवून ठेवतं आणि दुसऱ्या दिवशी तोच उचलतं. एखादा ड्रायव्हर गडबडलेल्या अवस्थेत साठवला गेला तर ती गडबडही सकाळी परत येते. ‘रीस्टार्ट’ केल्यावर मात्र सगळं नव्याने सुरू होतं. म्हणून शटडाउननंतर अडणारा आणि रीस्टार्टनंतर कधीच न अडणारा संगणक असेल, तर ही सोय बंद करून बघावी. एकदाच करून बघायचं असेल तर शिफ्टची कळ दाबून धरून शटडाउनवर क्लिक करा. पंखाच न फिरण्याशी याचा संबंध नाही; हे तिसऱ्या प्रकारच्या तक्रारीचं औषध आहे.

याच प्रकारात डिस्कवर संशय आला, की हार्ड डिस्क फ्रिजमध्ये ठेवण्याचा जुना तोडगा अजूनही सांगितला जातो. तो करू नका. आत दव धरतं आणि वाचू शकली असती ती माहितीही जाते.

‘दुकानात नेला की चालतो, म्हणजे बिघाडच नाही’

कितीतरी जणांचं यावरून दुकानदाराशी वाजतं, आणि दोघेही खरं बोलत असतात. संगणक घरून निघाला की त्याचं भोवताल बदलतं. दुकानात सॉकेट वेगळं, केबल वेगळी, यूपीएस वेगळा, खोलीचं तापमान वेगळं. रिक्षातल्या हादऱ्यांनी एखादी सैल पट्टी पुन्हा नीट बसते. दुकानात तो आठवडाभर चालला आणि घरी येऊन पुन्हा अडला, तर ती फार मोलाची माहिती आहे: दोष बहुधा घरीच मागे राहिलेल्या वस्तूंत आहे. पुढच्या वेळी नेताना तुमची स्वतःची पॉवर केबल आणि शक्य असल्यास यूपीएसही बरोबर न्या. आणि दुकानदाराला लिहिलेला कागद द्या.

त्या कागदावर काय हवं? तारीख आणि वेळ. संगणक किती तास बंद होता. भिंतीवरचं बटण रात्रभर चालू होतं की बंद. बटण दाबल्यावर पंखा, दिवा, बीप, चिन्ह, यांतलं काय आलं आणि कुठे अडलं. कितव्यांदा दाबल्यावर सुरू झाला. आणि कुठला बदल केव्हा केला. बदल एका वेळी एकच. तो केल्यावर बिघाड सरासरी जितक्या दिवसांनी येतो त्याच्या किमान तिप्पट दिवस वाट बघा. चार दिवसांतून एकदा अडत असेल तर बारा दिवस. बिघाड कसाही, कधीही येतो असं धरलं, तर एवढे दिवस तो निव्वळ योगायोगाने न येण्याची शक्यता साधारण ५ टक्के उरते. त्याआधी ‘झाला बरा’ म्हणून झाकण लावणं म्हणजे पुन्हा शेवटच्या उपायाला फुकटचं श्रेय देणं.

आणि यातलं काहीही करण्याआधी एक विनंती. असा संगणक आज सुरू झाला असेल, तर तो बंद करण्याआधी घरचे फोटो, मुलांची कामं, हिशेब आणि कागदपत्रं वेगळ्या डिस्कवर उतरवून घ्या. दुरुस्तीचं उद्या बघता येईल. ही प्रत आजच काढा.